वाजल्या म्हणजे मंजूर

आमच्या गावाला तालुक्यातली पहिली बाई सरपंच मिळाली, ती कुणाला बाई सरपंच हवी होती म्हणून नव्हे. दोघा पुढाऱ्यांना एका घरचा चहा प्यायचा नव्हता म्हणून.

हे मी सांगते, कारण मी त्या पंचायतीत मेंबर होते. मी शांतम्मा. झरीकडून येताना मारुतीच्या वळणावर सांबप्पाचं किराणा दुकान लागतं, त्या घरची सून. लिंगायताचं आमचं घर दोन्ही पार्ट्यांना साखर विकतं. त्यामुळं आम्ही कुणाच्याच भांडणात नसतो आणि सगळ्यांची खबर आमच्या पायरीवर येऊन बसते.

ब्याण्णव साली सरकारनं पंचायतीत बायकांना जागा राखून ठेवल्या. गावात सुतक आल्यासारखं झालं. सात मेंबरांत तीन बाया घ्यायच्या म्हणजे काय! शेवटी एका पार्टीचे पुढारी व्यंकटराव, त्यांनी आपल्या धाकट्या भावजयीला, मनकर्णाला, उभं केलं. तात्याराव दुसऱ्या पार्टीचे. त्यांनी मला उभं केलं. तिसरी जागा भीमनगरच्या बाईची होती. तिथून चतुराबाई आपली आपणच उभी राहिली आणि निवडूनही आली. हा आगाऊपणा दोन्ही पार्ट्यांना सारखाच झोंबला.

आता सरपंच निवडायचा. व्यंकटरावांचे तीन, तात्यारावांचे तीन आणि सातवी चतुराबाई. शाळेतल्या पोरानंही सांगितलं असतं की चतुराबाईचं मत ज्याच्याकडं, सरपंच त्याचा. पण मत मागायचं तर भीमनगरात जावं लागणार, तिच्या दारात उभं राहावं लागणार, कदाचित तिच्या हातचा चहाही प्यावा लागणार. एवढा मोठा त्याग करायला दोघांपैकी कुणीच तयार झालं नाही. त्यापेक्षा त्यांनी एकमेकांशी समेट केला. सरपंच अशी हवी की जी दोघांनाही अडचण करणार नाही. मनकर्णा चौदा वर्षं त्या घरात नांदत होती आणि तिचा आवाज शेजारच्यांनीही ऐकला नव्हता. दोन्ही पार्ट्यांनी तिच्यावर एकमतानं बोट ठेवलं.

पेपरात फोटो आला. हार व्यंकटरावांच्या गळ्यात, पेढा तात्यारावांच्या तोंडात, नवरा मुंजाजी मधोमध दात काढून उभा. मनकर्णा कुठं आहे म्हणाल तर उजव्या कडेला एक पदर दिसतो. तो तिचा.

मीटिंगा पंचायतीच्या खोलीत व्हायला हव्या होत्या, पण त्या खोलीत व्यंकटरावांचा कापूस भरलेला होता. म्हणून त्यांच्याच ओसरीवर सतरंजी पडायची. इथं एक पेच आला. थोरला दीर समोर बसला असता धाकट्या भावजयीनं त्याच्यापुढं यायचं नाही, बोलायचं तर मुळीच नाही, अशी त्या घरची रीत. सरपंच मीटिंगीत बसणार कशी? व्यंकटरावांनी तोडगा काढला. सरपंच आतल्या खोलीत दाराआड बसेल. ग्रामसेवक रंगनाथराव ठराव वाचतील. तिला मान्य असेल तर ती बांगड्या वाजवील. वाजल्या म्हणजे मंजूर.

आणि मान्य नसेल तर? हा प्रश्न कुणाला पडलाच नाही.

हा तोडगा व्यंकटरावांना एकदम सुचला असं नाही. तो त्या घरात आधी वापरून झालेला होता. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला, तेव्हा आमच्या गावानंही आपला हातभार लावला. एका रात्रीत भीमनगरची पाच-सहा घरं जळाली. चतुराबाईच्या घराचं छप्पर गेलं, म्हातारी सासू भाजली आणि महिन्याभरानं गेली. सकाळी फौजदार आला. व्यंकटराव म्हणाले, आमी दोघं भाऊ रातभर घरीच होतो. फौजदारानं दाराआडून विचारलं, "बाई, हे खरं हाय का?" आत त्या वर्षीच लग्न होऊन आलेली मनकर्णा उभी होती. मग बांगड्या वाजल्या. फौजदार समाधानानं चहा पिऊन गेला. दोघं भाऊ रातभर घरी झोपले होते हे असं सिद्ध झालं. चुडाव्याच्या स्टेशनावर गाडी आली का, हेसुद्धा माणूस दोन वेळा विचारतं. इथं एकदा वाजल्या, पुरलं.

तर आमचा कारभार सुरू झाला. ओसरीवर पुरुष. आतल्या खोलीत मनकर्णा आणि मी, समोर सूप आणि तुरीची डाळ, कारण रिकामं बसायची सवय दोघींनाही नव्हती. चतुराबाईला ओसरीही नाही आणि आतली खोलीही नाही. ती अंगणात लिंबाखाली बसायची. सरकारनं समान केलेल्या सात मेंबरांना आमच्या गावानं तीन जागी बसवून दाखवलं.

रंगनाथराव वाचायचे, मनकर्णा सूप थांबवून हात हलवायची, खळखळ व्हायची, ठराव मंजूर. एकदा ती ठराव नसताना नुसतीच माशी हाकलत होती, तर तात्यारावांच्या गोठ्यापर्यंतच्या रस्त्याला मुरूम मंजूर झाला. दोन वर्षं गाव असं चाललं आणि फार वाईट चाललं असंही म्हणता येणार नाही, कारण पुरुष कारभार करायचे तेव्हाही असंच चालायचं. फक्त तेव्हा बांगड्यांचा आवाज नसायचा.

मी मनकर्णाला एकदा म्हटलं, "तुला काय वाटतंय त्ये तरी सांगत जा की मला."

ती डाळीतला खडा काढत म्हणाली, "मला वाटून कोनाचं काय आडायलंय?"

मला तिचा राग आला. खरंच आला. इतकी गप्प बाई मी दुसरी पाहिली नाही.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाचं नाव एकदाचं बदललं. गावात पुन्हा पोलीस येऊन शाळेत उतरले. पुरुष मंडळी एकाएकी लय शांतताप्रिय झाली. त्याच आठवड्यात खबर आली की भीमनगरसाठी हापसा मंजूर झाला आहे, बोअरची गाडी येणार आहे. भीमनगरच्या बाया ओढ्यात झिरा खांदून वाटीवाटीनं पाणी भरायच्या. गावच्या विहिरीवर त्यांना त्या जाळपोळीपासून कुणी चढू दिलं नव्हतं. चतुराबाई संक्रांतीच्या दिवशी मनकर्णाच्या मागच्या दारी आली. मनकर्णा तिळगूळ घेऊन बाहेर गेली. मी वाणाला आलेली, आत चुलीपाशी होते.

"सरपंचबाई, हापसा आमच्याकडंच बसंल ना?" चतुराबाईनं विचारलं.

"कागदावर तसंच हाय," मनकर्णा म्हणाली.

"कागदावर लय काही असतंय बाई." एवढं बोलून चतुराबाई तिळगूळ पदरात बांधून गेली.

पुढच्या मीटिंगीला व्यंकटरावांनी ठराव आणलाच. भीमनगरात म्हणे खडक लागतो. सबब हापसा व्यंकटरावांच्या शेतातल्या आखाड्यावर बसवावा, तिथून सर्व समाजानं पाणी न्यावं. आखाडा म्हणजे शेतातला गोठा, गावापासून मैलभर, कुत्री दोन, आणि सर्व समाज म्हणजे व्यंकटरावांचे बैल. तात्यारावांना काय कबूल केलं होतं देव जाणे, तेही मान डोलवत होते. लिंबाखाली चतुराबाई ताठ बसली होती.

रंगनाथरावांनी ठराव वाचला आणि दाराकडं बघितलं.

काही वाजलं नाही.

संक्रांतीचा चुडा होता. कासारानं चारच दिवसांपूर्वी आम्हा सगळ्यांना कोपरापर्यंत बांगड्या भरल्या होत्या. श्वास घेतला तरी वाजाव्यात अशा. रंगनाथराव खाकरले. व्यंकटराव खाकरले. मी मनकर्णाकडं बघितलं आणि माझ्या हातातलं सूप निसटता निसटता राहिलं. तिनं मनगटांना तेल लावलं होतं आणि एकेक बांगडी उतरवून डाळीवर ठेवत होती. इतक्या हळू, की एकीचा दुसरीला धक्का लागला नाही.

बाहेर व्यंकटरावांचा धीर सुटला. "वाजल्या," ते म्हणाले. "म्या ऐकल्या. लिवा रंगनाथराव."

"न्हाई वाजल्या," आतून आवाज आला.

ओसरीवर सगळे एकमेकांकडं बघायला लागले. "कोन बोललं?" तात्यारावांनी विचारलं.

"सरपंच," लिंबाखालून चतुराबाई म्हणाली.

मुंजाजी तरातरा आत आला, बायकोला समज द्यायला. तिचे मोकळे हात बघून त्याचा रंगच उतरला. सवाशिणीनं, तेही संक्रांतीच्या आठवड्यात, हात मोकळे केलेले! "आगं, म्या जिता हाय की आजून!" तो ओरडला.

"हाव की," मनकर्णा म्हणाली. "म्हनून तर तुमच्यासमोर बोलायलेय."

ती उठली. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला, सोडला नाही. ज्या उंबऱ्याच्या अलीकडं ती सोळा वर्षं बसली, त्यावर येऊन उभी राहिली आणि थोरल्या दिराच्या तोंडाकडं न बघता, लिंबाकडं बघत बोलली.

"दादा, त्या साली फौजदारानं इचारलं तवा म्या वाजवल्या. तुमी घरी नव्हता. हेबी नव्हते. पहाटं आले तवा दोघांच्या धोतराला रॉकेलाचा वास होता, म्याच धुतली. तवा वाजवल्या. आता वाजवनार न्हाई. हापसा जितं मंजूर झालाय तितंच बसंल."

शाळेतले पोलीस अंगणापलीकडंच चहा पीत होते. व्यंकटरावांनी आधी तिकडं बघितलं, मग आमच्याकडं.

चतुराबाई उठून उभी राहिली. "आमाला ठावं होतं," ती म्हणाली. "सोळा वर्षं ठावं होतं. नुसतं त्या बांगड्या कोनाच्या, तेवढं ठावं नव्हतं."

हे ऐकायचं बळ मनकर्णात असेल असं तिच्या तोंडावरून वाटत नव्हतं. आणि तरी तिनं ते उभ्यानं ऐकलं.

इतक्यात तात्यारावांना अन्यायाची चीड आली. व्यंकटराव खाली बसलेले दिसले की त्यांना नेहमी न्यायाची आठवण व्हायची. आमचा सरपंचबाईला पूर्ण पाठिंबा आहे, असं त्यांनी पोलिसांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं. मी आतून बाहेर येऊन चतुराबाईशेजारी उभी राहिले. व्यंकटरावांच्या बाजूनं ते स्वतः आणि त्यांचा एक मेंबर, एवढेच उरले. आमच्या पंचायतीत त्या दिवशी पहिल्यांदा मतं मोजली गेली आणि रंगनाथरावांना कसं मोजायचं ते दोनदा विचारावं लागलं.

हापसा भीमनगरात बसला. खडक लागला नाही. आताच्या फौजदारानं त्या जाळपोळीचं काय केलं म्हणाल, तर काही केलं नाही. इतक्या जुन्या गोष्टी उकरू नयेत, असं त्याचं मत पडलं. दोन महिन्यांनी तब्येतीचं कारण देऊन मनकर्णाचा राजीनामा गेला. तब्येत चांगली ठणठणीत होती. घरात तिच्याशी कुणी बोलत नव्हतं, एवढंच. गावाला त्या बातमीचा फोटो काढायचं सुचलं नाही.

हापशाचं पाणी सुरू झालं त्या दिवशी ती रिकामी घागर घेऊन भीमनगरात गेली. सोबत मीही होते. तिच्या हातात मोजून दोन-दोन बांगड्या होत्या. बाया बाजूला झाल्या. चतुराबाईनं दांडा धरला, घागर भरेपर्यंत हापसलं आणि भरलेली घागर स्वतः उचलून तिच्या डोक्यावर दिली.

"येते बाई," मनकर्णा म्हणाली.

"या," चतुराबाई म्हणाली.

घरात या, असं काही ती म्हणाली नाही. घर समोरच होतं. छप्पर नवं होतं आणि दार उघडं होतं.