पट्टीवरची नारिंगी हाक

मंडळी, आधीच सांगून ठेवतो. भूत, भानामती, करणी, बाहेरची बाधा... यांपैकी कशाशीही माझं देणंघेणं नाही. चौकात कुणीतरी उतरवून टाकलेलं लिंबू उचलून मी त्याचं सरबत करून प्यायलेलो आहे, आणि साखर कमी पडली याखेरीज त्या सरबताबद्दल माझी काही तक्रार नाही. बायकोने पुढे कित्येक दिवस माझा पेला वेगळा ठेवला, ती गोष्ट निराळी. तर असा हा मी आज तुम्हाला एक प्रकार सांगणार आहे. हसायचं तिथे जरूर हसा. मीही हसत होतो — पहिले काही दिवस.

सोलापुरात साखर पेठेतल्या एका बोळात, खाली पिठाची गिरणी आणि वर आमचं डिझाइन सेंटर. चादरी-टॉवेलची नक्षी कॉम्प्युटरवर काढायची आणि कारखान्यांना द्यायची, की ती जेकार्ड मागावर विणली जाते. पाटीवर नाव ‘अंबादास महादेव डिझाइन सेंटर’. अंबादास मी. महादेव माझा शाळेपासूनचा दोस्त, रोज वळसंगहून मोटरसायकलवर यायचा. पण आपल्याकडे नावापुढे बापाचं नाव लावतात ना, त्यामुळे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक मला विचारायचं, “वडील आहेत का अजून?” मी महादेवकडे बोट दाखवायचो, “हे काय बसलेत! पाया पडा.” मी पोट धरून हसायचो. महादेवही हसायचा... निदान मला तसं वाटायचं.

कॉम्प्युटरचं मला शून्य ज्ञान होतं. माझे आजोबा-वडील हातमागावरचे, मी ग्राफ पेपरवर वाढलेला. महादेवने मला शिकवलं. सुरुवातीला माझा एकच घोळ व्हायचा — स्क्रीनवर दोन खिडक्या शेजारी उघड्या असायच्या आणि आपण नक्की कुठल्या खिडकीत काम करतोय ते मला कळायचं नाही. एकदा तर एका हॉस्पिटलच्या साध्या पांढऱ्या टॉवेलवर मी अख्खा मोर काढला, पिसाऱ्यासकट.

“आरं अंब्या,” महादेवने कपाळावर हात मारला, “पेशंट काय नाचायला येतोय व्हय तितं?”

मग त्याने माझ्यासाठी रंग लावून दिले आणि लहान पोराला शिकवावं तसं शिकवलं. “हे बघ. खिडकीच्या डोक्यावरची पट्टी लाल दिसली की ती खिडकी जागी. तू जे करशील ते तिच्यात. पट्टी करडी झाली, तर निजलेली. आख्खी खिडकी पांढरी पडली, तर बेशुद्ध — हात लावू नको, वाट बघ. आन् खाली टास्कबारवर एखादं बटन नारिंगी लुकलुकाय लागलं, की समजायचं ती खिडकी तुला हाक मारतीय. तिला कायतरी सांगायचंय. तिच्यावर क्लिक कर, बघ काय म्हणतीय.”

जागी, निजलेली, बेशुद्ध, हाक. आयुष्यात मला इतकं सोपं कुणी काही शिकवलं नव्हतं.

गेल्या वर्षी माझ्या लेकीचं, श्रावणीचं लग्न ठरलं. आम्ही तेलुगू लोक. दारातल्या रांगोळीला आमच्याकडे मुग्गू म्हणतात. माझी बायको लक्ष्मी रोज सकाळी एक मुग्गू काढते — एकमेकांत गुंतलेल्या वेलांट्यांचं कमळ, आणि एका कोपऱ्यातली वेलांटी मुद्दाम उघडी सोडलेली. ती तिच्या आईची पद्धत. श्रावणीच्या डोक्यात आलं. मला म्हणाली, “नाना, हेच कमळ चादरीवर काढा ना. मी सासरी नेणार.” लक्ष्मीने एका अटीवर होकार दिला, “पहिली चादर माझ्या लेकीची. तिच्याआधी ही नक्षी कुणाच्या अंगावर पडता कामा नये.” मी शब्द दिला. महादेव शेजारीच बसला होता. तो म्हणाला, “वैनी, माझी पोरगी असल्यागत काढतो. बघाच तुमी.” आणि खरंच, काठाचं निम्मं काम त्यानेच केलं. लई झाक केलं.

नक्षी पुरी झाली आणि काही दिवसांनी ते सुरू झालं.

एका सकाळी मी टॉवेलचं काम करत होतो. महादेव जिना चढून आला, खुर्चीवर टेकला, आणि खालच्या पट्टीवर कमळाच्या फाइलचं बटण लुकलुकायला लागलं. नारिंगी... विझलं... नारिंगी. मी क्लिक केलं. खिडकी उघडली, कमळ जसंच्या तसं. ना एरर, ना मेसेज. बंद केली, तरी लुकलुक चालूच. महादेव चहा प्यायला खाली उतरला... थांबली! वर आला... सुरू!

“म्हाद्या, हे बघ, कमळ हाक मारतंय.”

तो वाकून स्क्रीनकडे बघत राहिला. “कुटं?”

“हे काय इथे!”

“मला तर काय न्हाय दिसत गा. डोळे तपासून घे की एकदा.”

मी खरंच डोळे तपासून आलो. डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे. नंतर गिरणीवाल्याला वर बोलावलं. त्याने पिठाळ बोट थेट त्या बटणावर ठेवलं. चहावाल्यालाही दिसलं. महादेवला मात्र नाही. मला तर या खेळात मजा वाटायला लागली होती. तो जिन्यावर दिसला की मी ओरडायचो, “आली स्वारी! कमळाबाई, करा स्वागत!” आणि कमळाबाई इमानदारीने लुकलुकायची. महादेव आताशा हसत नव्हता. मी म्हटलं, उन्हाळा आहे, वळसंगहून भर उन्हात गाडी मारत येतो, दमत असेल.

शेवटी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या शब्बीरभाईंना बोलावलं. त्यांनी दोन तास खटपट केली. फाइल पेन ड्राइव्हवर घेतली, प्रोग्राम काढून टाकला, पुन्हा घातला.

“कायकू टेन्शन लेते, अंबादासभाई? अब ये बटण उठताच नहीं. फाइलच मशीन में नहीं, तो बुलाएगा कौन?”

तेवढ्यात महादेव डबा घेऊन आत आला. नारिंगी.

शब्बीरभाईंनी स्क्रीनकडे पाहिलं, मग महादेवकडे, मग पुन्हा स्क्रीनकडे. पान्हे-पेचकस पिशवीत भरले आणि मजुरी न घेता उठले. जिन्यावर मला हळूच म्हणाले, “मशीन ठीक है, भाई. मशीन को मत देखो.” मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. समजूनही घ्यायचा नव्हता बहुतेक.

घरी लक्ष्मीला सांगितलं तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, “एमंडी, अहो, कुणी हाक मारली तर माणूस ओ देतो. तुम्ही डॉक्टर करताय, मेकॅनिक करताय. काय म्हणतेस म्हणून विचारलंत का तिला?”

“कॉम्प्युटरला?”

“कमळाला. माझं आहे ते.”

आणि मग ती दुपार. सोलापूरची उन्हाळ्यातली दुपार तुम्हाला काय सांगू... कौलं, रस्ता, माणसं, सगळी भाजून निघतात. उन्हाची झळ नको म्हणून आम्ही खिडकीला पोती लावून आत अंधार केला होता. वीज गेली. पंखा थांबला, खालची गिरणी थांबली. यूपीएस थोडा वेळ टीं टीं करत राहिला आणि मग त्यानेही मान टाकली. स्क्रीन काळी ठिक्कर.

मंडळी, लक्ष देऊन ऐका. स्क्रीन बंद. मशीन बंद. वायरीत वीज नाही. आणि त्या काळ्या काचेवर अगदी खाली, एक लहानसा नारिंगी चौकोन... लागतोय, विझतोय. लागतोय, विझतोय.

त्याच्या उजेडात मला महादेवचा चेहरा दिसत होता. दिसायचा, जायचा, पुन्हा दिसायचा. आणि त्याची नजर — ती इकडेतिकडे नव्हती. ती बरोब्बर त्या चौकोनावर होती. पापणी हलत नव्हती.

“म्हाद्या,” मी म्हणालो, “दिसतंय ना?”

“काय?” तो म्हणाला. त्या चौकोनाकडे बघत म्हणाला.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. लक्ष्मी आणि श्रावणी लग्नाची खरेदी करायला नवी पेठेत गेल्या होत्या. लक्ष्मी दारात उभी राहिली, घामाने डबडबलेली, हातात एक पुडकं. तिने ते उघडलं आणि माझ्या कीबोर्डवर चादर पसरली. श्रावणीने खिडकीवरचं पोतं बाजूला ओढलं.

काठावर कमळ. गुंतलेल्या वेलांट्या. कोपऱ्यातली एक उघडी.

“दुकानात बाहेर टांगली होती,” श्रावणी म्हणाली. “वाऱ्यावर उडत होती, काका.”

ती मला नाही, त्याला म्हणाली. ‘काका.’ मला राग नंतर आला. आधी तो शब्द लागला.

महादेव उठला नाही. मांडीवरचा डबा बाजूला ठेवला. मग सांगितलं. एमआयडीसीतल्या एका कारखान्याने त्याला नोकरी देऊ केली होती, नवं काहीतरी दाखव या बोलीवर. त्याने आमचं कमळ दाखवलं होतं. “तितं माझ्या नावाची केबिन हाय, अंब्या. दारावर फकस्त माझं नाव. हितं जल्मभर तुझा बाप म्हणूनच बसायचं व्हय मी?”

“मागितलं असतंस तर पाटी उलटी लावली असती,” मी म्हणालो. आणि खरंच लावली असती हो. “पण म्हाद्या, ते लुकलुकत होतं ते...”

“दिसत हुतं,” तो म्हणाला. “पयल्या दिवसापासनं दिसत हुतं.”

“मग ‘नाही’ का म्हणालास? मी डोळे तपासून आलो रे!”

“हाय म्हणलो असतो, तर ‘काय म्हणतंय’ म्हणून इचारलं असतंस की.”

तो उठून गेला. जिन्यावरचा त्याचा आवाज संपला, आणि चौकोन विझला. वीज नंतर आली.

नक्षी गेली याचं दुःख एकवेळ पचलं असतं. पण माझा दोस्त रोज माझ्या शेजारी बसून, त्या हाकेकडे बघत, मला ‘डोळे तपासून घे’ म्हणत होता... हे काही पचत नाही. श्रावणीने ती नक्षी नको म्हणून सांगितलं. “बाजारात टांगलेली मी नाही नेणार, नाना.” सोलापूरची पोरगी, बाप चादरींचा डिझायनर, आणि रुखवतात चादर नाही. पाहुण्यांना मी काहीतरी विनोद करून हसवलं. ते मला जमतं.

लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी, एका सकाळी महादेव आला. आपल्या जुन्या खुर्चीवर नाही, गिऱ्हाइकांच्या बाकावर बसला. चेहरा उतरला होता. मी त्याच्यासाठी चहा सांगितला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

“तितं बी लागलंय,” तो म्हणाला. “नवी केबिन, नवं मशीन... बसलो की लुकलुकतंय. साहेब इचारत्यात, हे काय? मी म्हणतो, कुटं काय हाय?” मग खाली बघत, “तू बंद कसं केलंस, अंब्या?”

“मी काहीच केलं नाही,” मी म्हणालो. “तू उठून गेलास, आणि ते थांबलं.”

तो उठला आणि सावकाश, कठड्याला धरून उतरत गेला.

मी कामाकडे वळलो. तो येण्याआधी मी एका टॉवेलवर वेल काढत होतो, माउस हातातच होता. पाहतो तर स्क्रीनवरच्या साऱ्या खिडक्यांच्या पट्ट्या करड्या. एकही लाल नाही. खालच्या पट्टीवर एकही बटण लुकलुकत नाही. जाणकार म्हणतील, रिकाम्या जागी क्लिक झालं असेल, तसं होतं. होत असेल बुवा. मी मात्र माउसवरचा हात हलवला नव्हता. आणि बंद स्क्रीनवर दिव्यासारखा लागणारा तो चौकोन? त्याचा खुलासा शब्बीरभाईंकडे नाही, माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर कळवा.

मी एकेका खिडकीवर क्लिक करून पाहिलं. बराच वेळ कुठलीच जागी होईना.