डोळा लावायची काच
परवा मुलाच्या शाळेत पितळी दुर्बीण पाहिली आणि महाराजांच्या राज्यातली ती संध्याकाळ आठवली. फळं विकणाऱ्या मुसलमान बागवानाचा मी पोरगा, आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच. गुरू ग्रहाच्या सावलीत शिरलेला त्याचा एक चंद्र त्या संध्याकाळी कधी बाहेर येणार, याचं गणित मीच मांडलं होतं. कॉलेजच्या गच्चीवर दुर्बीण मांडली होती, गार वारा होता, अंबाबाईच्या देवळातली घंटा ऐकू येत होती, पन्हाळ्याच्या बाजूला गुरू लखलखत होता. मी डोळा लावून नळी नेमकी बसवली आणि प्रोफेसरांना बोलवायला वळलो, तेवढ्यात पाठीमागं उभ्या असलेल्या वर्गातल्या सोबत्यानं कोटातून कुपी काढून डोळा लावायच्या काचेवर गोमूत्र ओतलं. घरनंच घेऊन आला होता. "ह्ये काय रं?" मी ओरडलो. "काचेला तुझा डोळा लागला होता, शुद्ध केलं." "आन् माझ्या बापाच्या पाटीतलं पेरू खातोस की रोज!" "फळाला विटाळ नसतो," तो शांतपणे म्हणाला. उग्र वास सुटला होता, ओल आत झिरपली होती. प्रोफेसर उपरण्यानं काच पुसत राहिले, आत नुसतं पिवळट धुकं दिसलं, आणि चंद्र बाहेर आला तो कुणालाच दिसला नाही. मग तो विद्वान माणूस मलाच समजावू लागला, "उद्यापासून तू सगळ्यांच्या शेवटी बघत जा, म्हणजे वाद नको." पुढं मी बी.ए. झालो तेव्हा हेच प्रोफेसर हार घेऊन आले. तो मी गळ्यात घालू दिला नाही, आणि बरंच केलं.