शेजारची जास्वंद

लाखनीत आमच्या भिंतीपलीकडे राहणारे काका बागेसाठी काहीच विकत आणत नाहीत. रंगाचे रिकामे डबे, राइस मिलमधला कोंडा आणि आटलेल्या तलावातून सायकलवर आणलेला गाळ, एवढ्यावर त्यांची जास्वंद बशीएवढी फुलं देते. माझी झाडं नागपूरच्या नर्सरीतली, महागड्या कुंड्यांतली, आणि दोन महिन्यांत माना टाकतात. काका भिंतीवरून म्हणतात, "झाडायले पाणी जास्त होऊन राह्यलं, मॅडम." ते खरं असतं, म्हणून अधिकच झोंबतं.

त्यांच्याकडे फांदी मागायला माझी जीभ रेटेना. चोरून आणलेलं झाड हमखास लागतं, असं सगळेच म्हणतात. एका सकाळी मी भिंतीवरून हात घालून त्यांच्या जास्वंदीची फांदी मोडली आणि कुंडीत खोचली. चार दिवसांत ती वाळली.

पाचव्या दिवशी भिंतीवर नवी फांदी ठेवलेली होती, तिरपी कापलेली, टोकाला शेण लावलेली. काका पलीकडे गाळ कालवत होते.

"चोरीची लागते जी," ते वर न बघता म्हणाले, "पण मोडाची नसते. कापा लागते."

ती लागली. आज तिला पहिलं फूल आलं. मी आधी भिंतीपलीकडे वाकून पाहिलं. त्यांचं मोठं होतं.