रायफलच्या लाथेवर माझा उपाय

आवडाबाईंबद्दल लिहायचं तर आधी माझा शहाणपणा सांगावा लागतो, आणि तो सांगण्यासारखा नाही. मी सुदर्शन, राहणार बजाजनगर. वाळूजच्या एका कारखान्यात मोटारसायकलच्या सीटा बनवतो आणि होमगार्डमध्येही आहे. अठरा वर्षं फोम कापल्यामुळं जगातला कुठलाही धक्का फोमनं जिरतो, असं माझं ठाम मत होतं.

आवडाबाई गंगापूरकडच्या. घरची तीन एकर कपाशी, दोन म्हशी आणि वर होमगार्डची वर्दी. परेडच्या दिवशी पहाटे धारा काढून जीपनं शहरात यायच्या. गावात सगळे त्यांना नवऱ्याच्या नावानं ‘सांडूची बायको’ म्हणायचे. आमच्या रायफल पथकाच्या यादीत मात्र त्यांचं स्वतःचं नाव होतं, आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. ते टिकवायचं तर चांदमारीत पाचपैकी तीन गोळ्या निशाण्यावर लागायला हव्या होत्या. मागल्या वर्षी दोनच लागल्या. यंदा चुकलं तर नाव कटणार आणि हातात पुन्हा काठी येणार, हे नेमबाजी शिकवणाऱ्या उस्तादांनी स्पष्ट सांगितलं होतं.

अडचण होती ती रायफलच्या लाथेची. गोळी सुटली की बट, म्हणजे तिचा मागचा दस्ता, मागं येऊन खांद्यावर आदळते. मागल्या वर्षी आवडाबाईंचा खांदा आठ दिवस काळानिळा होता, आंबेहळदीचे लेप लावूनही हात वर जाईना. त्या धास्तीनं चाप ओढायच्या आधीच त्यांचे डोळे मिटायचे. माझेही मिटायचे, पण मी ते एकाग्रता म्हणून खपवत होतो.

आमचे पुंडलिक उस्ताद साधं शिकवायचे. “बट खांद्याच्या खळगीत घट्ट ओढून घ्या. मधी बोटभर जागा ठेवली तर तेवढ्यात ती पळत येऊन लाथ घालती.”

आवडाबाईंना ते लगेच कळलं. “वासराचं दावं ढिलं सोडलं की हिसका लई जोरात बसतो. आखूड धरलं की नाय बसत. तसंच हाय हे.”

मी हसलो. “ताई, वासरू कुठं अन् रायफल कुठं. माझ्यावर सोडा, मी करतो बंदोबस्त.”

सुपरवायझरला विचारून फोमचे दोन उरलेले तुकडे आणले. बशीएवढे गोल कापले, खोळ शिवली, वर दुहेरी शिलाई मारली. एक माझा, एक त्यांचा.

“पण उस्ताद तर घट्ट धरा म्हणत्यात,” त्या घुटमळल्या.

“अठरा वर्षं कंपनीत काय गवत उपटलं का मी?”

कंपनीवाल्याला सगळं कळतं, हा आमच्या भागातला जुना गैरसमज आहे. त्यांनी तो तुकडा शर्टाच्या आत खांद्यावर बसवला.

चांदमारीच्या दिवशी पहिली पाळी माझी. पोटावर पडलो, बट फोमवर टेकवली. जाड गिऱ्हाईक बसलं की मऊ सीटचा तळ लागतो, हे मी रोज बघतो. नेमकं तेव्हा आठवलं नाही. बार झाला. फोम पापडासारखा चपटला, रायफल मोकळ्या जागेतून धावत आली, उसळली आणि माझ्याच अंगठ्यानं माझा ओठ फोडला. उरलेल्या चार गोळ्या कुठं गेल्या ते समोरच्या डोंगराला माहीत.

“कसं वाटलं, भाऊ?” आवडाबाईंनी विचारलं.

“मस्त. काय कळत बी नाय,” मी तोंडावर रुमाल धरून म्हणालो.

त्या जाऊन आडव्या झाल्या. गोळी निशाण्याबाहेर गेली की समोरच्या खंदकातून लाल झेंडी हलायची. पहिल्या गोळीला झेंडी हलली. मी रुमाल ओठावर आणखी दाबला. दुसऱ्या गोळीला त्यांचं डोकं चांगलंच मागं हिसडलं आणि झेंडी पुन्हा हलली. आता उरलेल्या तिन्ही लागायला हव्या होत्या. तेव्हा कुठं मी उस्तादांकडं गेलो आणि रुमाल काढून ओठ दाखवला.

उस्तादांनी फायर थांबवलं. फोम बाहेर निघाला तशी सगळी पलटण हसली. “गादी आणली, उशी इसरला का?” कुणीतरी विचारलं.

आवडाबाई हसल्या नाहीत. त्यांनी बट खळगीत आखूड ओढून घेतली. तिसरी लागली. चौथी लागली. पाचवीच्या वेळी मी झेंडीकडंच बघत होतो. ती चार बोटं बाहेरून गेली.

त्यांचं नाव कटलं. माझंही कटलं, त्याचं कुणालाच नवल वाटलं नाही.

जीपच्या थांब्यावर मी त्यांची माफी मागितली. त्यांनी विचारलं, “तुमचा ओठ पैल्याच गोळीला फुटला होता ना?”

“व्हय.”

“मंग माझ्या दोन गोळ्या जाईस्तोवर का थांबला?”

खोटं बोलायचं आता काही उरलं नव्हतं. “माणसं हसतील म्हणून.”

जीप आली. त्या चढल्या, सरकून बसल्या आणि माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाल्या, “हसली की सगळी. काय झालं तुमाला?”

मला काहीच झालं नव्हतं.