भावाचे गार अणू आणि आमची पोपटी

मंडळी, हा मेल रात्रपाळीत कंपनीच्या कॉम्प्युटरवरून लिहितोय आणि जळफळत लिहितोय, सांभाळून घ्या.

परदेशात संशोधन करणारा माझा धाकटा भाऊ गावी, गडबला, घरी आलाय. म्हणून आज शेतावर पोपटी लावली. वालाच्या शेंगांनी भरलेल्या मडक्याभोवती जाळ करून बसलो होतो. बाबांनी त्याला विचारलं, "तू तिकडं करतोस काय?"

"अणू इतके गार करतो की ते जेमतेम हलतात. मग त्यांच्यावर लेझरचा प्रकाश टाकतो. प्रकाशाचा रंग किंचित बदलला की तेच अणू एकमेकांना ओढतात, नायतर लोटतात."

बाबा सरकत सरकत त्याच्याजवळ गेले. मी इतकी वर्षं डोलवीच्या पोलाद कारखान्यात भट्टीवर आहे. तिथं मी काय करतो, हे त्यांनी एकदाही विचारलेलं नाही.

पोपटी झाली का, ते दरवर्षी मी बघतो. आज बाबा म्हणाले, "धाकट्या, तूच बघ." त्याने मडकं लवकरच बाहेर काढलं. शेंगा कच्च्या.

बाबांनी मूठभर खाल्ल्या. "गोड हायत," म्हणाले.

माझी पोपटी कधी कच्ची निघाली नाही, पण तिला कधी गोडही म्हटलं नाही त्यांनी. असा कुठला प्रकाश असतो हो, ज्यात कच्च्या शेंगा गोड लागतात?