जमनीबाईची वरची मूठ

बोरी अरबच्या बाजारात जमनीबाईकडून एकदा जवसाची चटणी घेतलेलं गिऱ्हाईक सहसा दुसरीकडे फिरकत नाही. चटणी चवदार आहेच, पण खरी गंमत मापानंतरची. तराजू बरोबर झाला, चटणी कागदात पडली, की जमनीबाईचा हात पुन्हा डब्यात जातो आणि वरून एक मूठ पडते. त्या मुठीचे पैसे नाहीत. "घेनाऱ्याच्या मनात किंतू राहू नये," असं ती म्हणते. तिची सासू हेच म्हणायची. सासूच्या आधीची माणसं बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घालायची, तेव्हापासूनच हे चालत आलं असावं.

तिच्या बंजारा तांड्यात आता बैल शेतापुरतेच उरलेत. लोक कापूस, तूर, सोयाबीन काढतात. पण जुन्या गोष्टी निघाल्या की जमनीबाईच्या मनातला सल डोकं वर काढतोच. आपल्या वाडवडिलांनी साऱ्या दुनियेचा माल वाहिला; आपला माल कधी कोणी वाहिला का? म्हणून यवतमाळच्या प्रदर्शनात फुलचंद नावाच्या माणसानं चटणी चाखून "काकू, हे शारजाच्या दुकानात ठेवू," असं म्हटलं, तेव्हा शारजा कोणत्या दिशेला आहे हेही न विचारता ती हो म्हणून बसली.

फुलचंद इकडचा माल बाहेरदेशी पाठवतो. त्यानं नमुने धाडले, तिकडच्या दुकानदाराला चव पटली आणि दुकानात एक फळी मिळाली. फळी ती केवढी, तर घरातल्या फडताळाएवढी. पण पहिला माल ठरल्या जहाजानंच जायला हवा होता. चुकला तर फळी एका लोणचेवाल्याला जाणार होती, आणि तो टपूनच बसला होता.

पाकिटावरून पहिलं भांडण झालं. चित्रकारानं घागरा-कांचळीतली बाई काढली ती ठीक, पण तिच्यामागे उंट उभा केला.

"आमच्या सात पिढ्यांनी बैल हाकले," जमनीबाई म्हणाली. "हा उंट कोनाचा?"

उंट गेला, बैल आला आणि खाली तांड्याचं नाव छापलं गेलं. पुढचे कित्येक दिवस ती येणाऱ्याजाणाऱ्याला धरून ते नाव वाचून दाखवायची.

मग बाया तांड्यातल्या सभागृहात पाकिटं भरायला बसल्या. खोकी बंद होईनात, तेव्हा धिप्पाड सोनीबाईला त्यांच्यावर बसवलं. ती बसली की खोकं मुकाट्यानं मिटायचं. पाकिटं एवढी फुगली कशी, हे कोणी विचारलं नाही, कारण पाकीट भरलेलं दिसलं की तांड्याला बरंच वाटतं.

माल सकाळी यवतमाळला गेला आणि संध्याकाळी त्याच टेम्पोतून परत आला. सोबत फुलचंद होता, कारलं खाल्ल्यासारखं तोंड करून.

"काकू, सारे खोके कागदावर लिवल्यापेक्षा जड भरून राह्यले."

"मंग चांगलंच हाय ना. कमी त नाही भरले."

"अवो, वजन जास्त निघालं का बंदरावरचे लोक इचारतात, आतमंदी काय लपवलं? माल तिथंच अडकवून ठेवतात."

"म्हंजे कमी देल्लं तरी चोर, अन् जास्त देल्लं तरी चोर?"

फुलचंदनं कपाळाला हात लावला. "परवा गाडी निघते. सारं उघडा अन् बरोबर भरा. नाही त जहाजही गेलं अन् फळीही गेली."

जमनीबाई घाबरली, आणि घाबरली की ती चिडते. "वरची मूठ कोन टाकून राह्यली?" तिनं विचारलं. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. सगळ्यांनीच टाकली होती. शिकवलं तिनंच होतं.

सून बबितानं इलेक्ट्रॉनिक काटा मधोमध मांडला. पाकिटं रिकामी करून पुन्हा तोलून भरली. खोकं पुन्हा जड. सोनीबाईचा पंजा मोठा म्हणून संशय तिच्यावर गेला आणि तिला उठवून झाडलोटीला लावलं. खोकं जडच. मग कोकिळा नावाच्या बाईवर आळ आला.

"मी त निसती खोके चिकटवून राह्यली," कोकिळा रडकुंडीला येऊन म्हणाली.

शेवटी बबितानं पाळत ठेवली. काट्यावर पाकीट बरोबर उतरायचं. तोंड बंद करायच्या यंत्राकडे जाताना वाटेत ते जमनीबाईच्या हाती पडायचं. ती आत डोकवायची, मान हलवायची, आणि तिचा उजवा हात आपणहून परातीत जायचा. तोंड त्याच वेळी कोकिळेला झापत असायचं.

"याडी," बबिता हळूच म्हणाली. गोरबोलीत याडी म्हणजे आई. "चोर सापडला. तुमचा हात पाहा."

जमनीबाईनं हात पाहिला. मुठीत चटणी होती. सोनीबाई हसता हसता खाली बसली. जमनीबाईही हसली, पण आतून तिला फार वाईट वाटलं. ज्या हाताचा जन्मभर अभिमान बाळगला, तोच तिचा माल अडवून बसला होता. तिनं कोकिळेची माफी मागितली आणि स्वतःच स्वतःला हाकललं. "मी सैपाक करते. मले परातीजवळ येऊ देऊ नका."

नवरा पूनमसिंग दारात बसून सगळं ऐकत होता. "घरी काहून नाही पडत वरची मूठ?" तो म्हणाला. "माह्या ताटात त भाजी मोजून पडते." त्या दिवशी त्याला खरोखरच मोजून पडली.

माल वेळेत पोचला. महिन्याभरानं फुलचंद तांड्यात आला आणि त्यानं दुकानातल्या ओळखीच्या नोकराला व्हिडिओ कॉल लावला. फळीवर पाकिटं ओळीनं उभी होती, बैलासकट, तांड्याच्या नावासकट. जमनीबाईचे डोळे भरून आले आणि तिनं ते लपवले नाहीत.

तेवढ्यात एक बाई ट्रॉली ढकलत आली. तिनं एक पाकीट उचललं, ट्रॉलीत टाकलं आणि निघून गेली.

"चाखलं नाही?" जमनीबाईनं विचारलं.

"तिथं कोनी चाखत नाही, काकू."

"भाव नाही केला? वजनही नाही पाह्यलं?"

"पाकिटावर लिवलं हाय ना."

जमनीबाईला आपला बाजार आठवला. बोरीच्या बाजारात ओळखीचं गिऱ्हाईकसुद्धा तराजूवर डोळे रोखून उभं असतं. वरची मूठ पडली की मगच त्याचा जीव भांड्यात पडतो. ही बाई ना तिला ओळखत होती, ना तांड्याला. समोर विकणारंही कोणी नव्हतं.

"मूठ आपन कायले टाकतो, फुलचंदभाऊ?" ती म्हणाली. "समोरच्याचा भरवसा बसावा म्हनून. इनं त तो पह्यलेच ठेवला."

दुसरी ऑर्डर आली तेव्हा ती सभागृहात शिरली आणि कोणाला न विचारता काट्यापाशी बसली. बायांचे हात थांबले. पहिलंच पाकीट थोडं जड भरलं. तिनं चिमूटभर चटणी काढून परातीत परत टाकली. 

"ते बाई न पाहता घेते," ती हाताला समजावल्यासारखी म्हणाली. "तिले बरोबरच गेलं पाह्यजे."