दादाचा बोरा

भाऊबीज झाली की आमच्या चिचगडकडच्या गावात मंडई भरते. दिवसा जत्रा आणि रात्री दंडार, म्हणजे उजाडेपर्यंत नाचगाणं. त्यासाठी दुपारीच पोतं उसवून केलेला बोरा मैदानात अंथरायचा, चार कोपऱ्यांवर विटा ठेवायच्या आणि खुशाल जिलेबी खायला निघून जायचं. बोरा पडला की जागा त्याची. उशिरा आलेला पुढारी असला तरी मागे उभा राहणार. माझा थोरला दादा अगदी पुढे, ढोलकीवाल्याच्या पायाशी बोरा टाकायचा आणि पहिल्याच गाण्याला घोरायला लागायचा. ते घोरणं आज फार आठवतं.

कोहमाऱ्याच्या नाक्यावर ट्रकांचे पत्रे जोडता जोडता तो वेल्डिंग शिकला आणि परदेशात गॅसच्या कारखान्यात लागला. कंपनी तिसऱ्याच देशाची. मंडईला मात्र दरवर्षी घरी. यंदा तिकडे लढाई पेटली आणि तिथल्या सरकारनं अख्खा कारखाना ताब्यात घेतला. साहेब लोक विमानानं निघून गेले, गेटवरची पाटी बदलली. गॅस बंद पडू नये म्हणून कामगारांना तेवढं जाऊ देईनात. त्यांचे पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत आणि तिजोरी सरकारकडे. म्हणजे आगीतून फुफाट्यात. मला भयंकर राग आला, पण नोकरीच्या गावी, कुडव्यात बसून काढणार कोणावर? स्कूटरच्या किकवर काढला.

आईला सगळं समजावून सांगितलं. तिनं एकच विचारलं, "कंपनी घेतली ना त्यायनं? मंग माह्या पोराले काऊन धरून राहिले?"



मंडईच्या दुपारी तिनं माझ्या हातात दोन बोरे दिले. एक आमचा, एक दादाचा. मी दोन्ही पुढे अंथरले. दिवे लागेपर्यंत मैदान गच्च भरलं. लोक दादाच्या बोऱ्याला लागून मातीत दाटीवाटीनं बसले, पण त्यावर कोणी पाय ठेवला नाही. तेवढ्यात दादाचाच व्हिडिओ कॉल आला. मी मोबाईल बोऱ्याकडे फिरवला.

"लोकं मातीत बसून राहिले ना," तो म्हणाला. "देऊन टाक कोणाले जागा. माह्या येण्याचा काही भरवसा नाई."

आईनं माझ्या हातातून फोन घेतला.

"इथं कोणी कोणाची जागा घेत नाई," ती म्हणाली. "तू कवाही ये."